टाचेतल्या रक्ताचा थेंब आणि मज्जातंतूंचं आवरण

तुमचं बाळ अमेरिकेत जन्मलं असेल, तर हे तुम्ही पाहिलं असेल: पहिल्या एक-दोन दिवसांत नर्स त्याची टाच टोचते, रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपते आणि ते कार्ड राज्याच्या प्रयोगशाळेत जातं. ही पद्धत १९६०च्या दशकात बफेलोच्या रॉबर्ट गथ्री यांनी रुजवली.

त्याच शहराच्या ‘बफेलो बिल्स’ संघाचे माजी क्वार्टरबॅक जिम केली यांचा मुलगा हंटर १९९७ साली जन्मला. काही महिन्यांतच त्याला क्राबे रोग असल्याचं कळलं. २००५मध्ये, आठव्या वर्षी, तो गेला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने या रोगासाठी प्रत्येक नवजात बाळाची तपासणी सुरू केली.

या रोगात नेमकं बिघडतं काय? मज्जातंतूंभोवती मायलिनचं आवरण असतं, विजेच्या तारेवरच्या वेष्टनासारखं. त्याच्या कोरड्या वजनाचा ७० टक्क्यांहून जास्त भाग मेदाचा असतो. त्यातला खास मेद म्हणजे गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड, स्फिंगोलिपिड कुळातला. या कुळाच्या मूळ रेणूला थुडिकम यांनी १८८४ साली ‘स्फिंगोसिन’ म्हटलं, कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून.

हा मेद मोडण्याचं काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. सायकोसिन नावाच्या विषारी रेणूचा निकालही तेच लावतं. क्राबे रोगात ते विकर जवळजवळ नसतंच. मग सायकोसिन साचतो आणि मायलिन बनवणाऱ्या पेशींनाच मारतो.

प्रयोगशाळेत कार्डावरून ३ मिलिमीटरची टिकली कापतात आणि आधी विकराचं काम मोजतात. पण विकर कमी असलेली बरीच बाळं धडधाकट राहतात. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या आठ वर्षांत जवळपास २० लाख बाळं तपासली गेली. त्यांतली ३४८ पुढच्या तपासणीला पाठवली, आणि तान्हेपणीच सुरू होणारा क्राबे निघाला फक्त ५ जणांत. बाकीच्या आईबाबांनी काढलेल्या रात्रींची कल्पना तुम्हीच करा.

म्हणून आता सायकोसिन थेट मोजतात. त्यातही एक मेख आहे. गॅलॅक्टोजऐवजी ग्लुकोज असलेल्या त्याच्या भावंडाचं रेणुभारही तेवढाच, सुमारे ४६१. मास स्पेक्ट्रोमीटर हा रेणूंचा वजनकाटा, त्याला दोघे सारखेच दिसणार. त्यामुळे आधी क्रोमॅटोग्राफीने त्यांना वेगळं करावं लागतं. सायकोसिन लिटरला १० नॅनोमोलपेक्षा जास्त निघाला, तर धोका खरा.

मग दिवस मोजावे लागतात. लक्षणं दिसण्याआधी, शक्यतो पहिल्या महिन्यातच, मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं तर रोगाची चाल मंदावते. पूर्ण बरं होण्याची खात्री मात्र नाही, आणि प्रत्यारोपणाचे स्वतःचे धोके आहेतच.

२०२४मध्ये क्राबे केंद्र सरकारच्या शिफारस यादीत आला, पण तपासणी करायची की नाही हे प्रत्येक राज्य ठरवतं. तुमच्या घरी पाळणा हलणार असेल, तर आपल्या राज्यात ही तपासणी होते का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.