गोटमार आणि आपले वैद्यकीय कर्तव्य

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो. तो झेंडा हस्तगत होऊन चंडीमातेच्या चरणी अर्पण होईपर्यंत पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांमध्ये दगडांचा वर्षाव चालतो. या गोटमारीत दरवर्षी शेकडो जण जखमी होतात. मृत्यूही घडले आहेत.

प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते स्वीकारले नाहीत. श्रद्धेचा प्रश्न समाज आपल्या गतीने सोडवील. तोवर हानी कमी कशी करावी, हे सांगणे मात्र आपल्या हाती आहे.

आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दगडाचा वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. म्हणूनच गोफण ही हाताने फेकलेल्या दगडाहून कितीतरी घातक ठरते. गोफण व मद्य यांना पूर्ण मज्जाव, मुलांना पात्रापासून दूर ठेवणे आणि खेळणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, एवढे पथ्य पाळल्याने परंपरेला बाध येत नाही.

डोळा फुटल्याची शंका असल्यास तो धुऊ अथवा दाबू नये. वर कागदी पेला टेकवून तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

सर्वाधिक फसवी असते ती कानशिलावरची जखम. तेथे कवटीचे हाड पातळ असून त्याच्या आतून धमनी जाते. ती फाटली तरी रुग्ण काही काळ शुद्धीवर असतो, बोलतो, चालत घरी जातो. काही तासांनी गुंगी येते, उलट्या होतात, एक बाहुली विस्फारते. तोवर मौल्यवान वेळ गेलेला असतो आणि नागपूर दूर असते.

यास्तव डोक्याला मार लागलेल्याला केवळ टाके घालून निरोप देऊ नये. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या ग्लासगो मापनाने शुद्धीची नोंद पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढील चार तास दर तासाने करावी. गुण घसरताच रुग्णवाहिका निघावी. घरी जाणाऱ्याच्या नातलगांजवळ धोक्याची लक्षणे मराठी व हिंदीत छापलेले पत्रक द्यावे.

सौसरच्या कबड्डी वा क्रिकेटच्या मैदानावरही हाच नियम लागू पडतो. पांढुर्णा व सौसर तालुक्यांचा 2023 साली स्वतंत्र जिल्हा झाला. त्या जिल्ह्यातील प्रत्येक दवाखान्यात पोळ्यापूर्वी हे पत्रक पोहोचावे, अशी सर्व सहव्यावसायिकांना नम्र विनंती.