एकच चूल, दोन कामं: कमी खर्चात ग्रिल आणि स्मोकर



आजचा प्रश्न साधा आहे. अंगणात जागा एकाच चुलीची, खिशात पैसे एकाच चुलीचे, आणि करायचं मात्र दोन्ही: रविवारी झटपट ग्रिल, आणि सणासुदीला दिवसभर धुरावर शिजवलेलं मांस. मग घ्यायचं काय?

उत्तर आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. घट्ट बसणारं झाकण, खाली एक आणि वर एक अशा उघडझाप होणाऱ्या झडपा, आणि साधारण ५७ सेंटिमीटर व्यासाची जाळी असलेली, लाकडी कोळशावर चालणारी गोल केटल घ्या. आता हे उत्तर कसं आलं ते सांगतो, कारण दुकानात उभं राहिल्यावर उत्तरापेक्षा त्यामागची कारणं जास्त उपयोगी पडतात.

फौजेत निर्णय घेण्याआधी अप्रिसिएशन करायची पद्धत आहे. आधी उद्दिष्ट, मग परिणाम करणारे घटक, मग आपल्यापुढचे मार्ग, आणि शेवटी योजना. चुलीलाही हीच पद्धत लावू.

उद्दिष्ट

ग्रिल करणं म्हणजे निखाऱ्यांच्या थेट वर, २३० ते २९० अंश सेल्सिअस तापमानात, काही मिनिटांत भाजणं. स्मोकिंग म्हणजे निखाऱ्यांपासून बाजूला, १०५ ते १३५ अंशांत, लाकडाच्या धुरात काही तास शिजवणं. पहिल्यात भरपूर हवा आणि भरपूर आग लागते. दुसऱ्यात थोडी हवा आणि छोटी आग. म्हणजे आपल्याला हवं असलेलं भांडं दोनच गोष्टी करणारं हवं: हवा कमी-जास्त करता आली पाहिजे, आणि आग एका बाजूला ठेवून पदार्थ दुसऱ्या बाजूला ठेवता आला पाहिजे. बाकी चाकं, बाजूचं टेबल, हुक, हे सगळं दागिने.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. ईशान्येत नोकरी केलेल्यांनी नागा घरांत चुलीवरच्या माचीवर लटकणारं डुकराचं मांस पाहिलं असेल. ते दिवसेंदिवस धुरात वाळतं, ते टिकवण्यासाठी. आपण बोलतोय ते त्याच दिवशी शिजवून खायच्या मांसाबद्दल. दोन्हींचं नाव स्मोकिंग, पण शास्त्र वेगळं. घरी वाळवण्याचे प्रयोग या भांड्यात करू नका.

पुढचे मार्ग

पहिला मार्ग, आपली उघडी शेगडी किंवा सिगडी. स्वस्त, कबाबासाठी उत्तम. पण झाकण नाही, म्हणून धूर थांबत नाही आणि हवेवर ताबा नाही. अर्धंच काम होतं.

दुसरा, तंदूर. मातीची भिंत तापून उष्णता फेकते, म्हणून रोटी आणि टिक्का त्यात जितका छान होतो तितका दुसरीकडे नाही. पण तो प्रचंड तापण्यासाठीच बनलाय. त्याला १२० अंशांवर सहा तास धरून ठेवणं म्हणजे रणगाड्याने भाजी आणायला जाणं.

तिसरा, गॅस ग्रिल. सोयीचं आहे. पण बर्नर सुरक्षित जळावा म्हणून त्यात हवेची मोठी मोकळीक ठेवलेली असते आणि धूर त्याच वाटेने निघून जातो. शिवाय बजेटमध्ये मिळणारी ग्रिल पातळ पत्र्याची असतात.

चौथा, ऑफसेट, म्हणजे आडवं पिंप आणि बाजूला आगीची पेटी. अमेरिकेत टेक्सासमधली मोठी दुकानं यावरच चालतात. पण ती जाड पोलादाची असतात. त्याच आकाराची पातळ पत्र्याची स्वस्त नक्कल सांध्यांतून गळते, वारा आला की थंड होते, आणि दर अर्ध्या तासाला तिच्यापाशी उभं राहावं लागतं. दिसायला सगळ्यात रुबाबदार, पण थोड्या पैशांत सगळ्यात वाईट सौदा.

पाचवा, कामाडो. जाड सिरॅमिकचं अंड्याच्या आकाराचं भांडं. मूळ जपानी चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांनी ती मायदेशी नेली, आणि १९७४ साली अटलांटात बिग ग्रीन एग ही कंपनी त्यावरच उभी राहिली. ग्रिल आणि स्मोक, दोन्ही कामं हे भांडं केटलपेक्षा चांगली करतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण महाग आहे, जड आहे, आणि पडलं तर तडकतं. ज्यांची अजून बदलीची नोकरी आहे, त्यांनी सामानाचा ट्रक आठवावा.

सहावा, केटल. १९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांना उघड्या ग्रिलवरच्या वाऱ्याचा आणि राखेचा कंटाळा आला होता. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे लोखंडी बॉय बनत. त्या गोलाचेच दोन भाग करून त्यांनी खाली भांडं आणि वर झाकण केलं आणि हवेसाठी भोकं ठेवली. आज अनेक कंपन्या तसंच भांडं बनवतात. वजन कमी, किंमत आवाक्यात, आणि आपली दोन्ही उद्दिष्टं पूर्ण.

सातवा मार्ग जुगाडाचा: २०० लिटरचं पिंप. वेल्डिंगवाल्याकडून खाली झडपा, आत जाळी, वर झाकण करून घेतलं की उत्तम स्मोकर होतो. दोनच अटी. पिंपात आधी खाद्यपदार्थच भरलेला असावा, रसायन किंवा ऑइल नको, आणि आतला रंग किंवा अस्तर पूर्ण जाळून-घासून काढलेलं असावं. आणि कुठेही गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा जाळी वापरू नका. जस्ताचा मुलामा फार तापला की त्याच्या धुराने ताप येतो, हे कुठलाही जुना वेल्डर सांगेल.

दुकानात काय तपासायचं

केटल कुठल्याही कंपनीची असो, चार गोष्टी बघा. एक, मोबाइलचा टॉर्च लावून आत ठेवा, झाकण आणि झडपा बंद करा, आणि दुकानदाराला दिवे घालवायला सांगा. जिथून उजेड येईल तिथून हवा येणार. रेषेएवढी फट चालेल, बोट जाईल एवढी नाही. दोन, झडप पूर्ण बंद होते का ते पाहा. तसं असेल तर जेवण झाल्यावर हवा तोडून निखारे विझवता येतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. तीन, भट्टीत भाजलेलं एनॅमल आहे की नुसता रंग? रंग उष्णतेने सोलतो. चार, जाळीचा कडेचा भाग उचलता येतो का? मध्येच कोळसा घालायला तो हवाच.

आकारात काटकसर करू नका. ४७ सेंटिमीटरच्या केटलवर ग्रिल छान होतं, पण आग एका बाजूला लावली की दुसऱ्या बाजूला जागा उरत नाही.

आता पैसे. ठरवलेल्या रकमेचे पाच भाग करा. तीन भाग केटलला. एक भाग टोचून बघायच्या डिजिटल थर्मामीटरला. एक भाग कोळसा, लांब चिमटा आणि जाड हातमोजे यांना. झाकणावरचा काटा झाकणाजवळची हवा मोजतो, मांस नाही. थर्मामीटर वगळून मोठं भांडं घेणं म्हणजे दुर्बिणीशिवाय तोफ घेणं.

योजना

ग्रिलसाठी: दोन्ही झडपा उघड्या, कोळसा पसरलेला, वर पांढरी राख दिसली की सुरू.

स्मोकिंगसाठी: न पेटलेला कोळसा एका बाजूला रचा, मध्ये दोन विटा आडव्या लावा. दुसऱ्या बाजूला जाळीखाली पाण्याचा पत्र्याचा ट्रे. दहा-बारा पेटलेले निखारे ढिगाच्या एका टोकाला ठेवा, म्हणजे आग हळूहळू पुढे सरकते. झाकणाची झडप मांसाच्या डोक्यावर येईल असं झाकण ठेवा, म्हणजे धूर मांसावरून जाईल. खालची झडप पाव भाग उघडी. तापमान खालच्या झडपेने सांभाळा, वरची निम्म्याहून जास्त बंद करू नका. कोंडलेला, दाट पांढरा धूर मांस कडू करतो. पातळ, निळसर धूर हवा.

लाकूड फळझाडाचं, वाळलेलं, मुठीएवढे दोन-तीन तुकडे. इथे देहरादूनला लिचीच्या छाटलेल्या फांद्या मिळतात. तुमच्याकडे आंबा, पेरू, चिंच, बाभूळ असेल. चीड, देवदार यांच्यात राळ असते, ते नको. कण्हेर विषारी, तिला हातही लावू नका. प्लायवूड, रंगवलेलं फर्निचर आणि दगडी कोळसा वर्ज्य. पेटवायला रॉकेल नको. पाच लिटरच्या तेलाच्या डब्याचा तळ आणि बाजू भोकं पाडून घ्या, खाली वर्तमानपत्र, वर कोळसा, वीस मिनिटांत काम होतं.

पहिल्याच दिवशी मोठी रान लावू नका. चिकनच्या तंगड्यांनी सुरुवात करा. सगळ्यात जाड भागात, हाडापासून दूर, ७४ अंश आले की झालं. धुरामुळे मांस शिजूनही गुलाबी दिसतं, म्हणून रंगावर जाऊ नका. शेवटची पाच मिनिटं तंगड्या निखाऱ्यांच्या वर सरकवा, कातडी कुरकुरीत होते. एकाच चुलीत दोन्ही कामं असण्याचा खरा फायदा हाच. शाकाहारी मंडळींनी त्याच धुरात भरीताची वांगी, टोमॅटो आणि पनीर ठेवून बघावं. खानदेशी पाहुणासुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेईल.

सरावानंतर बकऱ्याची रान किंवा डुकराचा खांदा घ्या. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान काटा तासभर, कधी त्याहून जास्त, जागचा हलत नाही. चूल बिघडलेली नसते. मांसातलं पाणी उडताना त्याला थंड करत असतं, माठासारखं. कोळसा ओतू नका, थांबा. ९० च्या पुढे गेल्यावर आतला चिवटपणा विरघळतो.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं

ही चूल फक्त उघड्यावर. गॅरेजमध्ये नाही, काच लावलेल्या बाल्कनीत नाही, पाऊस आला म्हणून पडवीच्या आत नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग झोप येते, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. उंचावरच्या ठाण्यांवर रात्री बुखारी विझली आहे की नाही हे पाहिल्याशिवाय आम्ही जवानांना झोपू देत नसू. उत्तर भारतात दर हिवाळ्यात खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. विझत आलेले निखारेसुद्धा हा वायू सोडतात. म्हणून जेवण झाल्यावर "ऊब आहे, आत घेऊ या" असं कुणी म्हणालं, तर ठाम नाही म्हणा. पाहुणा वयाने कितीही मोठा असो.

राख चोवीस तासांनी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. आमच्याकडे मे-जूनमध्ये चिडाच्या वाळल्या पानांना एक ठिणगी पुरते. वाळूची एक बादली जवळ असू द्या. कोकण-गोव्यात, किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी राख आत साचू देऊ नये. ती दमट होते आणि तळ गंजतो. जाळीला तेलाचा हात फिरवून ठेवला की केटल पुष्कळ वर्षं टिकते.

पुढच्या भागात या केटलवर बकऱ्याची रान करू, सकाळी आठला आग लावण्यापासून संध्याकाळी पानात वाढेपर्यंत. तोपर्यंत भांडं आणा, टॉर्च लावून तपासा, आणि एकदा रिकामंच पेटवून १२० अंशांवर दोन तास धरून बघा. तेवढं जमलं की तुम्ही तयार आहात.

जय हिंद.