स्त्रियांचे माकडहाड

काशीच्या घाटांवरील दगडी पायऱ्यांवर बराच वेळ बसल्यावर एखाद्या स्त्रीला पाठीच्या अगदी शेवटच्या टोकाशी काही टणक बोचते. हात लावून पाहता हाड बाहेर आल्यासारखे भासते. हा रोग, की शरीराची घडणच तशी? प्रश्न साधा आहे, परंतु जागा अडचणीची असल्याने तो पुष्कळदा मनातच राहतो.

शास्त्राने मात्र येथे संकोच बाळगलेला नाही. सुश्रुतसंहितेत काशिराज दिवोदास धन्वंतरी शिष्यांना शल्यतंत्र शिकवितात. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, प्रवाहात आडबाजूस सात रात्री ठेवावे. नंतर वाळ्याच्या कुंच्याने ते हळूहळू खरवडून आतील रचना डोळ्यांनी पाहावी, असा विधी त्या ग्रंथात दिला आहे. त्यात कटिभागाची हाडे पाच मोजली आहेत. एकंदर ३०० हाडांची त्याची गणना आजच्या २०६ शी जुळत नाही, कारण त्यात दात व कूर्चाही धरल्या आहेत.

माकडहाड म्हणजे त्रिकास्थीखाली जोडलेले तीन ते पाच, बहुधा चार, लहान मणके. गर्भाला प्रारंभीच्या आठवड्यांत असलेल्या शेपटीचा हा अवशेष होय. तथापि तो निरुपयोगी नाही. ओटीपोटाचा तळ सावरणारे स्नायू व बंध त्यालाच जोडलेले असतात.

स्त्रीचा कटिबंध प्रसूतीसाठी रुंद झालेला असतो. बसताना भार घेणारी दोन आसनास्थी एकमेकांपासून दूर असतात. त्यामुळे मधले माकडहाड अधिक उघडे पडते. मागे रेलून बसल्यास भार थेट त्यावरच येतो. या हाडाचे दुखणे स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे पाचपट आढळते, त्याचे एक कारण हेच.

हाडाची वक्रताही माणसागणिक वेगळी असते. काहींत टोक पुढे वळते, तर काहींच्या टोकावर मागील बाजूस बारीक काटा असतो. कृश स्त्रीत चरबीची गादी पातळ असल्याने तो कातडीखाली सहज लागतो. वजन झपाट्याने घटल्यावर पूर्वी न जाणवलेले हाड एकाएकी जाणवू लागते, ते यामुळेच. उलट स्थूल स्त्रीत बसताना कटिबंध पुरेसा फिरत नाही आणि हाड मागे सरकण्याचा संभव वाढतो. ओल्या पायरीवर घसरून आदळल्याने सांधा निखळतो किंवा हाड मोडते. कठीण प्रसूतीतही बाळाचे डोके बाहेर येताना ते मागे ढकलले जाते.

न दुखणारा, वर्षानुवर्षे तसाच असलेला उंचवटा बहुधा केवळ घडणीचा भाग असतो. त्यावर उपचार नको. दुखत असेल तर मागील बाजूस खाच असलेली उशी घेऊन किंचित पुढे झुकून बसावे. पुष्कळ रुग्णांना काही आठवड्यांत वा महिन्यांत उतार पडतो. हाड काढण्याची शस्त्रक्रिया क्वचितच लागते. दुखणे रेंगाळल्यास उभे राहून व बसून अशी दोन क्षकिरणचित्रे घेतात. बसल्यावर सरकणारा सांधा त्यांत उघडकीस येतो.

उंचवटा नवा असून वाढत असेल, त्यातून पू येत असेल, ताप असेल, पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरील ताबा सुटत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे त्वरित गेले पाहिजे. पू येणारी गाठ पुष्कळदा हाडाची नसतेच. ती कातडीत रुतलेल्या केसांमुळे झालेली असते.