विरघळणारी कुपी

कापसाने भरलेल्या गाड्या पांढरकवड्याच्या रस्त्यावर तुम्ही पाहिल्याच असतील. कापसाचा तंतू म्हणजे ग्लुकोज या साखरेच्या रेणूंची लांब साखळी. अशा साखळीला बहुशर्करा म्हणतात. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन हीसुद्धा बहुशर्कराच.

पॉलिएस्टर हीदेखील साखळीच. शर्टाचे पॉलिएस्टर वर्षानुवर्षे कुजत नाही. पण दही ज्याने आंबट होते, त्या लॅक्टिक आम्लापासूनही पॉलिएस्टर बनते. त्याच्या कड्या पाण्याने हळूहळू तुटतात.

या दोन पदार्थांपासून औषधाच्या कुप्या करतात. कशा? हे पॉलिएस्टर व औषध अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवतात. ते द्रावण ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडतात. पॉलिएस्टर पाण्यात विरघळत नाही; म्हणून औषधाला पोटात घेऊन त्याचे सूक्ष्म कण बनतात. अ‍ॅसिटोन उडून जाते. पाण्यात कायटोसॅन असेल, तर कणांवर त्याचा थर चढतो. असे शेकडो कण ओळीने ठेवले, तेव्हा कुठे एका केसाची जाडी भरते! कण झिजतो, तसे औषध थोडे थोडे बाहेर येते.

२०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. कीटकनाशकही अशा कुपीत भरावे, म्हणजे ते कमी लागेल, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे. पण कुपीत भरले तरी विष ते विषच. म्हणून फवारणीला निघालेल्या अब्बांना किंवा भाईजानना मास्क व हातमोजे घालायला तुम्ही आवर्जून सांगा.