भिंतीवरचे कायदे आणि वाचता येणारे गाढव

हुकूमशाहीची टिंगल करणारी पुस्तके जगात पुष्कळ आहेत. त्यात जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अॅनिमल फार्म’ या छोट्या कादंबरीचे स्थान वेगळे आहे. हा इंग्रज लेखक १९०३ साली बिहारमधील मोतिहारीत जन्मला. १९४५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक स्टालिनच्या रशियावर बेतलेले आहे. पण आंबेडकरी कार्यकर्त्याने ते वाचले तर त्याला त्यात आपल्याच वस्तीतली माणसे भेटतील.

शेतमालकाच्या जुलमाला कंटाळलेली जनावरे उठाव करतात, त्याला हाकलतात आणि समतेचे राज्य आणतात. कोठाराच्या भिंतीवर सात कायदे रंगवले जातात. पुढे डुकरे सत्ता बळकावतात, नेपोलियन नावाचे डुक्कर हुकूमशहा बनते आणि कायदे चमत्कारिक होऊ लागतात. बिछान्यावर झोपायचे नाही असा कायदा होता. डुकरे मालकाच्या घरात गादीवर लोळू लागली, तेव्हा भिंतीवर दिसले की बंदी फक्त चादर घातलेल्या बिछान्यावर आहे! दारूवर बंदी होती, ती फक्त अति पिण्यावरची ठरली. एका जनावराने दुसऱ्याला मारू नये, या कायद्याला ‘विनाकारण’ अशी पुस्ती जोडली गेली. सत्ताधाऱ्यांना कारणे काय, हवी तेवढी सापडतात.

एका रात्री भिंतीपाशी शिडी मोडून पडलेली, रंगाचा डबा सांडलेला आणि शेजारी सरकारचा भाट स्क्वीलर आडवा झालेला, असे दृश्य सर्वांना दिसते. तरी जनावरांना उमज पडत नाही. कारण साधे आहे. त्यांना वाचता येत नाही. क्लोव्हर घोडीला अक्षरे कळतात, पण शब्द जुळवता येत नाहीत. तिला शेळीकडून वाचून घ्यावे लागते. राब राब राबणारा बॉक्सर घोडा चौथ्या अक्षरापुढे गेलेलाच नाही. नेपोलियन म्हणेल तेच खरे, असे तो मानतो.

हा विनोद आपल्याला नवा नाही. मनुस्मृतीने शूद्रांना वेदांचे ज्ञान नाकारले आणि शास्त्रात काय लिहिले आहे हे सांगण्याचा मक्ता एका वर्गाकडे ठेवला. ज्याला वाचू दिले जात नाही, त्याच्यासाठी कायदा म्हणजे वरचा सांगेल ते. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. शिक्षण म्हणजे नोकरीची शिडी, एवढाच अर्थ बाबासाहेबांना अभिप्रेत नव्हता.

या कादंबरीवरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की समतेचे लढे व्यर्थ असतात, शेवटी नवा मालक येतोच. हा निष्कर्ष मालकांच्या सोयीचा आहे. तिथे समता हरली नाही. अज्ञान आणि नेत्याची भक्ती यांनी तिचा घात केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता. राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले. हा इशारा आपल्या गटातटांच्या नेत्यांनाही लागू आहे, हे आपण सोयीने विसरतो.

एकेका शब्दाला किती किंमत असते, हे या देशाने अनुभवले आहे. १९७५ ची आणीबाणी कलम ३५२ मधील ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांच्या आधारे लादली गेली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ असे शब्द घातले. भिंतीवरचा मजकूर वाचणारे जागे असतील, तर तो लोकांच्या बाजूनेही बदलता येतो.

आता त्या गाढवाविषयी. बेंजामिन नावाच्या या गाढवाला डुकरांइतकेच चांगले वाचता येते. शिडी का मोडली हेही त्याला कळते. पण वाचण्यासारखे काही नाही म्हणत तो गप्प राहतो. थकलेल्या बॉक्सरला दवाखान्याच्या नावाखाली गाडीत घालून नेतात, तेव्हा मात्र तो धावत येऊन गाडीवरची पाटी वाचून दाखवतो. गाडी घोडे कापणाऱ्या खाटकाची असते. तोवर वेळ निघून गेलेली असते.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत, शिकलेल्या लोकांनी मला दगा दिला, अशी व्यथा बाबासाहेबांनी बोलून दाखवली, ती कोणाला उद्देशून होती? आज आपल्यात वकील आहेत, प्राध्यापक आहेत, अधिकारी आहेत. राखीव जागेची जाहिरात, शिष्यवृत्तीचा शासननिर्णय, कामगार कायद्यातील दुरुस्ती त्यांच्याइतकी कोणाला कळणार? पण बदली होईल, बढती अडेल म्हणून कितीजण तोंड मिटून बसतात! ज्यांच्या घामावर आणि लढ्यावर ते शिकले, तो बॉक्सर आजही गटारात उतरतो आहे, वीटभट्टीवर राबतो आहे.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर संविधानाचे एक कलम आणि त्या आठवड्यात निघालेला एक सरकारी आदेश मोठ्याने वाचावा, त्याचा अर्थ वस्तीतल्या आयाबहिणींना समजावून सांगावा. कोणता शब्द बदलला, कोणासाठी बदलला, हे विचारावे. वाचता येणाऱ्यांनी हे काम गाडी दाराशी येण्यापूर्वी करायचे आहे.