बांधण्याआधीची पाच मिनिटे

रात्रीचे दोन वाजले आहेत. मनोविकार कक्षात चाळीस खाटा, ड्युटीवर एक सिस्टर आणि एक अटेंडंट. संध्याकाळीच दाखल झालेला विशीतला तरुण झोपायला तयार नाही. येरझाऱ्या घालतो आहे, दारावर धक्के मारतो आहे, शेजारच्या खाटेवरच्या वृद्धाचे पांघरूण ओढतो आहे. एकेक करून बाकीचे रुग्ण जागे होऊ लागतात. ‘सिस्टर, बांधू का याला?’ अटेंडंट विचारतो. डॉक्टर ऑन-कॉल आहेत, पण दुसऱ्या इमारतीत. हात-पाय बांधायच्या पट्ट्या कपाटात आहेत.

हा प्रसंग कोणा एका रुग्णालयातला नाही. मनोविकार विभागात रात्रपाळी केलेल्या कोणत्याही परिचारिकेला तो ओळखीचा वाटेल. व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय नर्सिंगच्या अभ्यासक्रमात असतो, त्यावर परीक्षेत प्रश्नही येतो. खरी परीक्षा मात्र अशा रात्री होते आणि उत्तर द्यायला फार तर पाच मिनिटे मिळतात.

अमेरिकेत मानसोपचारातील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ रोगनिदान करतात, औषधेही लिहून देतात. तिथली नीतिनियमांची चर्चा बरीचशी या अधिकारांभोवती फिरते. आपल्याकडच्या मनोविकार परिचारिकेला तसा अधिकार नाही. पण रुग्ण अस्वस्थ झाला की त्याच्याजवळ सर्वांत आधी तीच पोहोचते. त्याच्याशी बोलायचे, डॉक्टरांना बोलवायचे, केसपेपरवर आधीच लिहून ठेवलेले ‘एसओएस’ इंजेक्शन द्यायचे की पट्ट्या काढायच्या, हे पहिल्यांदा तिलाच ठरवावे लागते. ही सत्ता कागदावर दिसत नाही, रुग्णाला मात्र ती पदोपदी जाणवते.

कायद्याची चौकट

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांना ठेवलेल्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि २८ जणांचा मृत्यू झाला. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळताच आले नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाला बांधून ठेवण्याचा प्रश्न त्या घटनेने देशापुढे आणला. पुढे आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने साखळीने बांधण्यावर संपूर्ण बंदी घातली. रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवण्यासही मनाई केली.

पट्ट्यांनी किंवा अन्य प्रकारे शरीर जखडण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे, पण अगदी अरुंद. कलम ९७ नुसार रुग्णाला स्वतःला किंवा इतरांना तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि तो टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल, तरच बांधता येते. त्यासाठी उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते. धोका टळला की लगेच सोडायचे. का बांधले, कसे बांधले आणि किती वेळ, याची नोंद ताबडतोब केसपेपरवर करायची. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांच्या आत कळवायचे. आणि अशा प्रत्येक घटनेचा समावेश मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला दर महिन्याला जाणाऱ्या अहवालात करायचा.

याच कलमात आणखी दोन गोष्टी स्पष्ट आहेत. शिक्षा म्हणून किंवा धाक बसावा म्हणून कोणालाही बांधायचे नाही. आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही बांधायचे नाही.

आधी कारण शोधा

बांधणे हा वरवर निरुपद्रवी उपाय वाटतो. पण झटापटीत पालथे दाबून धरलेल्या माणसाला श्वास घेता येत नाही आणि त्यात जीव जाऊ शकतो. बराच वेळ एकाच स्थितीत पडून राहिल्याने पायातल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, त्वचा सोलवटते, बधिर झालेल्या रुग्णाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. अमेरिकेत १९९८ मध्ये ‘हार्टफर्ड कूरंट’ या दैनिकाने केलेल्या शोधात, बांधलेल्या किंवा कोंडलेल्या अवस्थेतील १४२ मृत्यूंची दहा वर्षांतली नोंद सापडली होती. त्यानंतर तिथले नियम कडक झाले.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. बांधले की रुग्ण शांत दिसतो आणि तो अस्वस्थ का होता, हा प्रश्नच मागे पडतो. त्या अस्वस्थतेचे कारण दर वेळी मानसिक आजार हेच असते, असे नाही. रक्तातली साखर उतरली की माणूस गोंधळतो, चिडतो, आक्रमक होतो. दारूचे व्यसन असलेल्याला दाखल केल्यावर दारू अचानक बंद होते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, घाबरगुंडी सुरू होऊ शकते. काही औषधांनी लघवी अडते. पोट तट्ट फुगलेल्या रुग्णाला ते सांगताही येत नाही. डोक्याला मार लागलेला असतो, ताप असतो.

सर्वांत फसवे कारण म्हणजे ‘अकॅथिसिया’. हॅलोपेरिडॉलसारख्या इंजेक्शननंतर काही रुग्णांना आतून असह्य तगमग होते. बसवत नाही, उभे राहवत नाही, पाय सतत हलत राहतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, आजार वाढला. मग त्याच औषधाचा आणखी एक डोस दिला जातो आणि तगमग आणखी वाढते. हे चक्र कक्षात सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येऊ शकते, तर रुग्णाकडे तासन्‌तास पाहणाऱ्या परिचारिकेच्या.

त्या तरुणाचेच घ्या. ‘काय होतंय रे तुला?’ असे सिस्टरने लांबूनच, आवाज न चढवता विचारले, तर कदाचित तो म्हणेल, ‘पाय थांबतच नाहीत, सिस्टर.’ संध्याकाळी कॅज्युअल्टीत कोणते इंजेक्शन दिले, हे केसपेपर उघडला की कळते. डॉक्टरांना फोन करून एवढे दोन मुद्दे सांगितले, तर औषध बदलून तासाभरात तो शांत होऊ शकतो. कौशल्य आणि नीतिमत्ता इथे वेगळ्या राहत नाहीत. नीट न पाहता बांधणे ही वैद्यकीय चूक आहे आणि नैतिकही.

शब्दांचे औषध

मनोरुग्णांना माणूस म्हणून वागवण्याच्या इतिहासात फ्रेंच डॉक्टर फिलिप पिनेल यांचे नाव घेतले जाते. पण पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १७९७ मध्ये रुग्णांच्या बेड्या काढल्या त्या झां-बाप्तिस्त प्यूसाँ यांनी. ते डॉक्टर नव्हते. त्याच रुग्णालयात कधीकाळी उपचार घेतलेले आणि नंतर तिथेच नोकरीला लागलेले ते कक्षाचे व्यवस्थापक होते. रुग्णांसोबत दिवसरात्र राहिल्यामुळे कोण कशाने बिथरतो आणि कशाने निवळतो, हे त्यांना ठाऊक होते.

तेच ज्ञान आता पद्धतशीर तपासले गेले आहे. ब्रिटनमध्ये लेन बोवर्स आणि सहकाऱ्यांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत विकसित केली. त्यातले उपाय साधे आहेत : नकार देताना शब्द मऊ ठेवायचे, वाईट बातमी सांगण्याआधी रुग्णाची तयारी करायची, पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाबद्दल एक तरी चांगली गोष्ट पुढच्या पाळीला सांगायची, कक्षात काही गडबड झाली की बाकीच्या रुग्णांना धीर द्यायचा. १५ रुग्णालयांतील ३१ कक्षांत याची चाचणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या कक्षांत भांडण-मारामारीसारख्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या आणि बांधणे, कोंडणे, जबरदस्तीने औषध देणे असे प्रकार २६ टक्क्यांनी.

तरीही बांधावे लागलेच तर

कधी कधी दुसरा मार्ग उरत नाही. हातात काच घेतलेल्या रुग्णापुढे मऊ शब्द अपुरे पडतात. अशा वेळी बांधणे अनैतिक नाही. बांधून विसरून जाणे अनैतिक आहे. रुग्णाला उताणे ठेवायचे, पालथे नाही. का बांधतो आहोत आणि कधी सोडू, हे त्याला सांगायचे. श्वास, नाडी, बोटांचा रंग ठरावीक वेळाने तपासायचा. पाणी द्यायचे, लघवीचे विचारायचे, अंगावरचे कपडे नीट करायचे. सोडल्यावर त्याच्याजवळ बसून झाल्या प्रकाराबद्दल बोलायचे. त्या रात्रीचे त्याला बाकी काही आठवो न आठवो, आपल्याला कसे वागवले, हे बहुधा आठवते.

प्रश्न उरतो तो मनुष्यबळाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या आकडेवारीनुसार भारतात एक लाख लोकसंख्येमागे मानसिक आरोग्य परिचारिकांचे प्रमाण ०.८ होते, म्हणजे एकही पूर्ण भरत नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञ आणि परिचारिका असाव्यात, यासाठी कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत सरकारने प्रयत्न करावेत, असे कायद्यातच म्हटले आहे. कायदा २०१८ मध्ये लागू झाला, म्हणजे ती मुदत २०२८ मध्ये संपते. कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधू नका, असे सांगणारा कायदा योग्यच आहे. पण चाळीस खाटांमागे एकच सिस्टर ठेवून तो पाळण्याची सगळी जबाबदारी तिच्या एकटीच्या डोक्यावर टाकणे, हाही अन्यायच. अशा वेळी ‘आज रात्री कक्षात माणसे अपुरी होती’ हे लेखी नोंदवणे, हासुद्धा तिच्या व्यावसायिक कर्तव्याचा भाग ठरतो.

नातेवाइकांनी काय विचारावे?

रुग्णाला दाखल करताना पुढील प्रश्न विचारायला संकोच करू नये. रात्री कक्षात किती परिचारिका असतात? रुग्ण बिथरला तर आधी काय केले जाते? बांधावे लागले तर आम्हाला कोण आणि कधी कळवेल? ती नोंद पाहायला मिळेल का? समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर नामनिर्देशित प्रतिनिधीला पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

रुग्णाच्या बाजूनेही एक गोष्ट करता येते. त्याला कशाची भीती वाटते, कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला, दारू-तंबाखूची सवय आहे का, चिडल्यावर तो कशाने निवळतो, हे एका कागदावर लिहून सिस्टरच्या हाती द्यावे. रात्री दोन वाजता, अटेंडंटने ‘बांधू का?’ असे विचारल्यावर, तिच्या हाताशी तेवढी तरी माहिती असेल.