मुतखडा निघाला, आतल्या नळीचे काय?

मुतखड्याची कळ ज्याने सोसली आहे, त्याला खडा निघाल्याचे सुख वेगळे सांगावे लागत नाही. पूर्वी मोठ्या खड्यासाठी कुशीत लांब छेद घ्यावा लागे. १९७६मध्ये स्वीडनमधील डॉक्टरांनी पाठीतून मूत्रपिंडापर्यंत छिद्र पाडून खडा बाहेर काढला, तर १९८०मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे शरीराबाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी खडा फोडण्यात आला. तेव्हापासून उपचारांचे स्वरूपच पालटले.

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये खड्याचा आकार, जागा आणि कठीणपणा यांचा अंदाज येतो. त्यावर उपचारपद्धती ठरते. लहान खडे बहुधा लघवीवाटे आपोआप पडतात. मध्यम आकाराचे खडे आघातलहरींनी, अथवा मूत्रमार्गातून बारीक दुर्बीण वर नेऊन लेसरने फोडतात. दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यांसाठी सहसा पाठीतून छिद्र पाडण्याची पद्धत वापरली जाते.

यानंतर अनेक रुग्णांच्या शरीरात 'डीजे स्टेंट' ही मऊ, पोकळ नळी ठेवली जाते. तिचे एक वळलेले टोक मूत्रपिंडात, तर दुसरे मूत्राशयात असते. सूज आल्याने किंवा खड्याचे तुकडे अडकल्याने मूत्रवाहिनी तुंबू नये, हा तिचा उद्देश. नळी असेपर्यंत वारंवार लघवीला होणे, कुशीत दुखणे, लघवीत थोडे रक्त दिसणे असे त्रास संभवतात. मात्र थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर तातडीने डॉक्टरांना गाठावे.

खरा धोका त्रास नसतो तेव्हाच असतो. बरे वाटू लागले की नळीचा विसर पडतो. महिनोन् महिने राहिलेल्या नळीवर क्षार साचतात, तिच्यावरच नवा खडा तयार होतो, जंतुसंसर्ग होतो आणि मूत्रपिंड निकामीही होऊ शकते. मग ती काढण्यासाठी एकाहून अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागतात. वेळेवर गेल्यास हेच काम बहुधा जागा बधिर करून, दुर्बिणीने काही मिनिटांत होते.

नळी किती दिवस ठेवायची, हे डॉक्टर ठरवतात. बहुतेकदा तो काळ काही दिवस ते काही आठवडे इतका असतो. त्यामुळे रुग्णालयातून घरी जाताना 'नळी ठेवली आहे का आणि ती कोणत्या तारखेला काढायची' हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे आणि घरातील आणखी एकाला सांगून ठेवावे. नळी काढल्याखेरीज मुतखड्याचा उपचार पूर्ण होत नाही.